ग्रिस्ट वापरून पाहिलं : गावातली माहिती गावापासूनच जपायची असेल तर

ज्यांच्या शेतकरी कंपनीत, बचत गटात किंवा संस्थेत चार-सहा जण मिळून एकच एक्सेल भरतात आणि ते एक्सेल व्हाट्सअपवर फायनल, फायनल-२, नवीन-फायनल अशा नावांनी फिरत राहतं, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. आमची यवतमाळ जिल्ह्यातली छोटी शेतकरी उत्पादक कंपनी, कळंब-राळेगाव पट्ट्यातली गावं, सभासद बहुतेक कोरडवाहू कापूस-तूर-सोयाबीनवाले. गेल्या खरिपापासून आमचं सगळं नोंदीचं काम ग्रिस्टवर आहे. निकाल आधीच सांगतो, घ्या. पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी समजून मगच घ्या, कारण नीट लावलं नाही तर सुरक्षित वाटेल आणि असणार नाही.

ग्रिस्ट म्हणजे दिसायला एक्सेल आणि आतून डेटाबेस. न्यूयॉर्कच्या ग्रिस्ट लॅब्स कंपनीचं आहे, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्यांच्या वेबसाईटवर खातं उघडूनही वापरता येतं नाहीतर स्वतःच्या सर्व्हरवर फुकट बसवूनही वापरता येतं. फ्रान्सच्या सरकारनं तर आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हे स्वतःच्या सर्व्हरवर चालवलंय. फॉर्म्युले पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचे, पण एक्सेलचे सम, ॲव्हरेज, इफ हेही चालतात त्यामुळं सुरुवातीला कोणी घाबरत नाही. टेबलं एकमेकांना जोडता येतात, म्हणजे सभासदाचं नाव एकाच ठिकाणी राहतं आणि त्याची वावरं, फवारण्या, कापसाचे वेचे, देणी सगळं त्याला जोडलेलं. डावीकडं सभासदावर क्लिक केलं की उजवीकडं त्याचंच सगळं उघडतं, चार्ट पण त्याचाच. एकाच वेळी सगळे जण आपापल्या गावातून भरून राहिले तरी एकमेकांवर चढत नाही. हे एवढं इतर ठिकाणीही मिळतं, त्यात फार वेळ घालवत नाही.

मी खरं लिहायला बसलो ते सुरक्षिततेबद्दल. शहरात डेटा सुरक्षित म्हटलं की हॅकर डोळ्यापुढं येतो. आमच्याकडं प्रश्न वेगळा आहे. आमच्या नोंदीत काय आहे पाहा : कोणावर बँकेचं किती थकीत, कृषी केंद्राची उधारी किती, कोणी खाजगीतून किती टक्क्यानं उचलले, आधार नंबर, खाते नंबर, सातबारा कोणाच्या नावावर, पोरीचं लग्न ठरलंय म्हणून दिवाळीच्या आत पैसा पाहिजे. ही माहिती पाहिजे असणारा माणूस परदेशात बसलेला नसतो, तो दोन गल्ल्या सोडून राहतो. खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, नुसतं कळलं की अमक्याला आठ दिवसात पैशाची निकड आहे, की त्याच्या कापसाचा भाव क्विंटलमागं शे-दोनशेनं पाडून मागायला तो मोकळा. शेजारच्या तालुक्यात एका गटाची थकबाकीदारांची यादी अशीच व्हाट्सअपवर निघाली आणि गावभर झाली. त्यात ज्या बायांची नावं होती त्यांनी नंतर बैठकीला येणंच सोडलं, आणि माझ्या मते त्यांचं अजिबात चुकलं नाही.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली हे इथं कोणाला सांगायची गरज नाही. तेव्हापासून आम्ही फवारणीची नोंद घेतो, कोणतं औषध, किती मात्रा, दोन औषधं मिसळली का, फवारलं कोणी, नंतर चक्कर-उलटी-डोळ्यांची जळजळ झाली का. ही सरळ सरळ माणसाच्या तब्येतीची माहिती आहे. एखाद्या मजुराला दोनदा त्रास झाला हे बाहेर गेलं तर पुढच्या हंगामात त्याला कामावर कोण बोलावणार? आणि हे आपल्यावर उलटतं असं त्याला वाटलं तर तो पुढच्या वेळी सांगणारच नाही, मग नोंद ठेवून उपयोग काय. म्हणून आमचा प्रश्न हा होता की टीममधल्या प्रत्येकाला त्याचं काम करता आलं पाहिजे पण ज्याचा ज्याच्याशी संबंध नाही ते त्याला दिसलंच नाही पाहिजे.

गूगल शीटनं हे होत नाही. म्हणजे शीट चांगलंच आहे, आम्हीही वापरतो, पण त्यातलं प्रोटेक्ट म्हणजे कोणी बदलू नये एवढंच, पाहायला तर सगळ्यांना दिसते. कॉलम लपवला तरी ज्याच्याकडं फाईल आहे त्याला तो गाठता येतो. प्रत्येक गावाचं वेगळं शीट करा तर मग महिन्याच्या शेवटी सगळी एकत्र करत बसा.

ग्रिस्टमध्ये ॲक्सेस रूल्स म्हणून एक पान आहे, आणि माझ्यासाठी सगळ्या सॉफ्टवेअरची किंमत त्या एका पानात आहे. तिथं टेबलाला, कॉलमला, आणि अटीनुसार ओळीलाही नियम लावता येतो. पाहायचं, नवीन टाकायचं, बदलायचं, डिलीट करायचं, चारही वेगवेगळं देता येतं. आम्ही टीमचं एक टेबल केलं, त्यात प्रत्येकाचा ईमेल, गाव आणि काम. मग नियम असा लावला की लॉगिन केलेल्या माणसाचं गाव आणि ओळीतलं गाव जुळलं तरच ती ओळ दिसावी. उधारीचे आणि आधारचे कॉलम फक्त हिशोबनीस आणि मॅनेजरला. तब्येतीचा कॉलम फक्त आमच्यातल्या आरोग्याचं पाहणाऱ्या ताईंना. डिलीट करायचा अधिकार गावपातळीवर कोणालाच नाही, चुकलं तर दुरुस्त करा पण पुसू नका. नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडला तो चालतो, कॉलमचे नियम टेबलाच्या आधी पाहिले जातात, एवढं डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे.

आणि मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे व्ह्यू ॲज. मालक माणूस कोणत्याही मेंबरचं नाव निवडून तेच डॉक्युमेंट त्याच्या डोळ्यानं पाहू शकतो. आम्ही हे संचालकांच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर लावलं. आधी माझ्या नावानं सगळी गावं, सगळे कॉलम. मग एका गावाच्या समन्वयक ताईंचं नाव निवडलं, पान परत उघडलं, आणि यादी एवढीशी झाली, फक्त त्यांच्या गावची माणसं, उधारीचा कॉलम जिथं होता तिथं काहीच नाही, जणू कधी नव्हताच. एक म्हातारे संचालक उठून पडद्याजवळ गेले, स्वतःचं नाव शोधलं, सापडलं नाही, कारण ते दुसऱ्या गावचे. म्हणाले, आता माझ्या नावावर पाहा. पाहिलं, तर त्यांना त्यांच्या गावचं दिसलं पण शेजाऱ्याचं कर्ज नाही. मग ते बसले आणि म्हणाले माझी माहिती टाका. तोपर्यंत त्यांनी आपलं देणं कधी सांगितलं नव्हतं. पाच पानांचं धोरण वाचून दाखवून जे झालं नसतं ते या एका बटनानं झालं, म्हणून माझं म्हणणं आहे की कोणीही हे लावलं तर लोकांना ते उघडून दाखवा, नुसतं तोंडी सांगू नका.

आता सावध करायची गोष्ट, ही नीट वाचा. ग्रिस्टमध्ये फॉर्म्युला सर्व्हरवर चालतो आणि त्याला सगळा डेटा दिसतो, लिहिणाऱ्याला दिसत असो की नसो. म्हणजे एखाद्या मेंबरला नवीन कॉलम करायची आणि फॉर्म्युला लिहायची मुभा असेल तर तो उधारीचा कॉलम लपवलेला असूनही आपल्या कॉलमात ओढून आणू शकतो. ॲक्सेस रूल्सच्या पानावर डॉक्युमेंटची रचना बदलायची परवानगी एडिटर लोकांना द्यायची का असा टिक करायचा चौकोन आहे, त्यातली टिक काढून टाकायची. नियम किती का बारकाईनं लिहा, हा चौकोन चालू राहिला तर सगळं व्यर्थ. कंपनीनं हे आपल्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही, पण घाईत वाचतो कोण.

फॉर्म्युल्याला सगळं दिसते हाच गुण उलटा वापरला तर फार कामाचा आहे. कापसाची गुलाबी बोंडअळी आमच्या भागातला मोठा शत्रू, त्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे) लावतो, हेक्टरी ५, पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस अशी की सलग ३ रात्री एका सापळ्यात दर रात्री ८ किंवा जास्त पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली समजायचं, शिवाय डोमकळ्या (अळी लागून नीट न उमललेली फुलं) १० टक्के किंवा हिरव्या बोंडांत १० टक्के प्रादुर्भाव, २० बोंडं फोडून २ मध्ये अळी निघाली तरी. कागदावर हे सगळे सांगतात, पण सलग ३ रात्री मोजून लक्षात कोण ठेवते? आता समन्वयक रोजचे पतंग भरतात, फॉर्म्युला त्या वावराच्या शेवटच्या ३ नोंदी उचलतो, तारखा लागोपाठच्या आहेत का पाहतो, मधली एक रात्र सुटली असेल तर मोजणी परत सुरू करतो, आणि पातळी ओलांडली की ओळ लाल. मग वेगळ्या टेबलात गावाची गोळाबेरीज येते, किती वावरांत लाल, सरासरी पतंग किती. ती गोळाबेरीज सगळ्या गावांना उघडी. नाव कोणाचंच नाही, पण शेजारच्या शिवारात पतंग वाढून राहिले हे कळते आणि लोक आपापली बोंडं फोडून पाहतात. आधी कसं व्हायचं, एकानं फवारलं की त्याचं पाहून सगळी ओळ फवारून घ्यायची, गरज असो नसो.

त्यात पण एक बारकावा. ज्या गावात आमचे दोन-तीनच सभासद आहेत तिथं सरासरी दाखवली तरी माणूस ओळखू येतो, उधारीच्या बाबतीत तर हमखास. म्हणून फॉर्म्युल्यात अट टाकली की ५ पेक्षा कमी शेतकरी असतील तर आकडा दाखवूच नको. हे सॉफ्टवेअर आपोआप करत नाही, आपल्यालाच सुचलं पाहिजे.

मराठीचं काय ते विचारणारच. कॉलमचं नाव मराठीत देता येते, आतली माहिती मराठीत, शोधता पण येते. पण प्रत्येक कॉलमला पडद्यामागं एक इंग्रजी अक्षरांतलं नाव असते जे फॉर्म्युल्यात वापरावं लागते. सरळ देवनागरीत नाव टाकलं तर मागचं नाव ए, बी, सी असं काहीतरी पडते आणि मग महिन्यानं फॉर्म्युला वाचताना कळत नाही की सी म्हणजे पतंग की बोंडं. उपाय असा की आधी इंग्रजी अक्षरांत नाव द्या, मग कॉलमच्या सेटिंगमध्ये दोन नावांची जोडणी तोडा आणि वरचं नाव मराठी करा. सुरुवातीलाच हे करा, नंतर सत्तर कॉलमना करत बसायला जीव नको होतो.

ऑफलाइन हे त्याचं सगळ्यात कच्चं अंग. मोबाईलचं वेगळं ॲप नाही, ब्राउझरमध्ये उघडावं लागते, लहान स्क्रीनवर टेबल भरणं त्रासाचं आहे, आणि रेंज नसेल तर काहीच नाही. आमच्या कितीतरी वावरांत रेंज नसते, बांधावर चढून हात वर करून मेसेज जातो. म्हणून वावरातली नोंद आम्ही कोबो कलेक्ट या ॲपवर घेतो. कोबो टूलबॉक्स हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हनं आपत्तीच्या ठिकाणी सर्व्हे करण्यासाठी सुरू केलेलं, ओडीके या ओपन सोर्स सर्व्हे साधनाच्या पायावर उभं, फॉर्म मराठीत होतो, रेंज नसताना भरून ठेवायचं आणि घरी आल्यावर पाठवायचं. तिथून आमची एक छोटी पायथनची स्क्रिप्ट रात्री नोंदी उचलते आणि ग्रिस्टमध्ये टाकते. ही स्क्रिप्ट लिहायला येणारं कोणी तुमच्याकडं नसेल तर आठवड्यातून एकदा कोबोतून फाईल उतरवून ग्रिस्टमध्ये चढवा, थोडं कंटाळवाणं आहे पण चालते. ग्रिस्टमध्ये आता स्वतःचे फॉर्म पण आहेत, मोबाईलवर बरे उघडतात, ज्या गावात रेंज चांगली तिथं तेवढ्यावर भागते.

सर्व्हरबद्दल. त्यांच्या वेबसाईटवरच्या फुकट प्लॅनमध्ये एका डॉक्युमेंटला ५,००० ओळींची मर्यादा आहे, आणि पतंगांच्या रोजच्या नोंदी एका हंगामात त्याच्या कितीतरी पुढं जातात. स्वतःच्या सर्व्हरवर अशी मर्यादा नाही, तरी एका डॉक्युमेंटला साधारण लाखभर ओळींच्या आत राहावं असंच ते सुचवतात, त्यामुळं आम्ही हंगामाप्रमाणं डॉक्युमेंट वेगळं करतो. आम्ही छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला, खर्च महिन्याला हजाराच्या आत बसते. ऑफिसात कॉम्प्युटर ठेवून त्यावरच चालवू असा विचार आधी होता पण आमच्याकडं लाईन कधी जाईल नेम नाही, इन्व्हर्टर पण दमतो, म्हणून तो सोडला.

स्वतः बसवणार असाल तर तीन गोष्टी विसरू नका. नुसतं डॉकरनं (सॉफ्टवेअर तयार डब्यातून चालवायची पद्धत) चालू केलं की लगेच उघडते खरं, पण लॉगिनची व्यवस्था आपल्याला वेगळी जोडावी लागते, ती केली नाही तर पत्ता माहीत असलेला कोणीही आत. फॉर्म्युले कोंडून चालवायची जी सोय आहे, जीव्हायझर नावाची, ती चालू करावी लागते, नाहीतर बाहेरून आलेल्या डॉक्युमेंटमधला पायथन कोड सर्व्हरवर मोकळा फिरू शकतो. आणि बॅकअप. ग्रिस्टचं प्रत्येक डॉक्युमेंट म्हणजे एक एसक्यूलाइट या डेटाबेसची फाईल असते, ती उचलून ठेवली की सगळं आलं, उद्या कंपनी बंद पडली तरी फाईल उघडते, हे मला फार मोलाचं वाटते. पण ती फाईल कुलूपबंद नसते. पेनड्राईव्हवर बॅकअप घेऊन तो टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला तर सगळे ॲक्सेस रूल्स गेले पाण्यात, कारण ती फाईल ज्याच्या हाती तो मालक. बॅकअप एन्क्रिप्ट करूनच ठेवा, लॅपटॉपची डिस्क पण.

तसंच हेही सांगितलं पाहिजे की सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळं दिसू शकते, इथं व्हाट्सअपसारखं टोकापासून टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन नाही. म्हणून सर्व्हरची चावी कोणाकडं हे संचालक मंडळात ठरवा आणि ठरावात लिहा. आमच्याकडं ती दोघांकडं आहे आणि दोघंही खरेदी-विक्रीच्या कामात नाहीत.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती घेणं, कशासाठी घेतलं ते सांगणं, आणि माणसानं संमती काढून घेतली तर माहिती पुसणं हे सगळं आहे. आम्ही सभासदाच्या टेबलात संमतीची तारीख आणि कशाकशासाठी दिली ते कॉलम ठेवलेत. पण पुसण्याच्या बाबतीत ग्रिस्टमध्ये लक्ष द्यावं लागते, ओळ डिलीट केली तरी डॉक्युमेंटच्या इतिहासात आणि जुन्या बॅकअपमध्ये ती राहते. इतिहास वगळून प्रत काढायची सोय आहे, हंगाम संपला की आम्ही तशी प्रत काढतो आणि जुन्या नष्ट करतो. इतिहास एरवी फार कामाचा, कोणी कधी काय बदललं सगळं दिसते. शिवाय आम्ही शेवटचा बदल कोणाचा आणि कधीचा असे दोन कॉलम आपोआप भरणारे लावलेत. एका सापळ्यात अचानक ८० पतंग दिसले तेव्हा त्या कॉलममुळं पाच मिनिटात त्याच माणसाला फोन लागला, ८ च्या पुढं शून्य पडलं होतं, दुरुस्त झालं, भांडण नाही की संशय नाही.

एक अडचण मात्र कोणतंही सॉफ्टवेअर सोडवणार नाही. आमच्या समन्वयक ताईंचा फोन हा बहुतेक वेळा घराचा फोन असतो. पोरगं त्यावर गेम खेळते, दीर त्यावर भाव पाहतो, आणि लॉगिन तर चालूच. त्यावर आम्ही असं केलं की ताईंना दिसणाऱ्या भागात पैशाचं आणि तब्येतीचं काही ठेवलंच नाही, ते ऑफिसच्या लॅपटॉपवरच उघडते. काही ताईंना हे आवडलं नाही, आमच्यावर भरोसा नाही का असं म्हणाल्या, आणि त्यांचा राग मला पटतो. त्यांच्यासोबत बसून व्ह्यू ॲजनं माझं स्वतःचंच गाव-पातळीचं रूप दाखवलं की पाहा, त्या नावानं मलाही दिसत नाही. तरी एकदोघींच्या मनातून अजून गेलेलं नाही.

ज्यांची टीम दोन माणसांची आहे आणि डेटात नाव-गाव-पैसा काही नाही, त्यांनी या भानगडीत पडू नये, शीट पुरते. ज्यांना खोल विश्लेषण करायचं, रिग्रेशन वगैरे, त्यांना ग्रिस्टमधले चार्ट आणि फॉर्म्युले कमी पडतील. त्यांनी एपीआयनं (प्रोग्रामनं डेटा ओढायची सोय) डेटा बाहेर घेऊन ज्युपिटर किंवा आर या विश्लेषणाच्या साधनांत करावं, पण बाहेर घेताना नावाचे आणि आधारचे कॉलम गाळूनच घ्यावं, त्यासाठी वेगळा युजर करून त्याला तेवढेच कॉलम दिसतील असा नियम लावला की चुकून पण जात नाही. कृषीच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्टला डेटा द्यायचा तर आम्ही याच रस्त्यानं देतो.

ग्रिस्टमध्ये डेटा न घेता नुसता ढाचा कॉपी करता येतो, टेबलं, फॉर्म्युले, नियम सगळं येते आणि सभासद एकही येत नाही. आमचा बोंडअळी-फवारणीचा ढाचा ज्या गटाला पाहिजे असेल त्यांनी सांगावं, पाठवून देतो. घेतल्यावर आधी टीमच्या टेबलात आपले ईमेल आणि गावं टाका, मग रचना बदलायच्या परवानगीच्या त्या चौकोनातली टिक काढलेली आहे ना पाहा, आणि मगच लोकांची नावं भरायला घ्या.